काटा, केबल आणि अव्वल कारकून

सन १९६० मध्ये अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने, दूरमुद्रक आणि मोडेम या दोन यंत्रांनी परस्परांशी कोणत्या तारेवरून, किती विद्युद्दाबाने आणि कोणाची अनुमती घेऊन बोलावे याविषयी एक जाबता सिद्ध केला आणि त्याला ‘आरएस-२३२’ असे, सरकारी ठरावाच्या क्रमांकाला शोभेल इतके रुक्ष नाव दिले. ज्या दोन यंत्रांसाठी हा खटाटोप झाला, त्यांपैकी पहिले आज वस्तुसंग्रहालयात आणि दुसरे बहुतेक घरांच्या माळ्यावर जाऊन पडले आहे. जाबता मात्र अद्याप अंमलात आहे. कायदा हा ज्याच्यासाठी केला त्याच्यापेक्षा अधिक वर्षे जगतो, या सिद्धांताविषयी ज्यांना शंका असेल त्यांनी खेड्यातील एखाद्या दूध संकलन केंद्रात जाऊन तेथील इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याच्या पाठीमागे वाकून पाहावे. धुळीच्या आणि वाळलेल्या दुधाच्या पुटाखाली त्यांना नऊ पिनांचे एक तोंड दिसेल. काट्याला जे काही सांगावयाचे असते ते तो याच तोंडाने आणि त्याच जुन्या शिष्टाचाराने सांगतो.

या जाबत्यातील कलमे वाचली म्हणजे ती रचणाऱ्यांच्या स्वतंत्र बुद्धीविषयीचा आदर दुणावतो. ‘एक’ कळवावयाचा असेल तर ऋण दाब द्यावा आणि ‘शून्य’ कळवावयाचे असेल तर धन दाब द्यावा. तीन ते पंधरा व्होल्ट या ऐसपैस मर्यादेत येणारा कोणताही दाब ग्राह्य मानावा. आणि उणे तीन ते अधिक तीन यांच्या दरम्यान जे काही येईल त्याचा कोणताही अर्थ लावू नये, अशी त्यात स्पष्ट तरतूद आहे. या कामी प्रारंभी पंचवीस पिनांचे तोंड रूढ होते. पुढे १९८४ साली आयबीएमने आपल्या पीसी-एटी या संगणकावर त्या नवावर आणल्या. पंचवीस पदांच्या आस्थापनेतील सोळा पदे एकाएकी रद्द केली तरी कामकाज पूर्ववत चालते, हे सत्य त्या दिवशी प्रयोगाने सिद्ध झाले. आणि बहुधा म्हणूनच त्याचा पुढे कोणत्याही खात्यात फारसा गवगवा झाला नाही.

साखर कारखान्याच्या फाटकावर उसाच्या गाड्या तोलणारा भुईकाटा, लोखंड कातणारी सीएनसी यंत्रे, प्रयोगशाळांतील जुनी पण नेमकी उपकरणे, ही सारी मंडळी आजही याच पद्धतीने बोलतात आणि दुसरी कोणतीही पद्धत शिकण्याची त्यांना इच्छा नाही. एकदा घेतलेला काटा वीस वर्षे चालला नाही तर तो काटा कसला, अशी आपली समजूत असते. उलटपक्षी घेतलेला लॅपटॉप सात वर्षे टिकला तर लोक त्याला पाहावयास येतात. सन १९९६ मध्ये यूएसबी अवतरली आणि पुढील दहापंधरा वर्षांत तिने संगणकाच्या अंगावरील बहुतेक जुनी तोंडे एकामागून एक बुजवून टाकली. दीर्घायुषी काटा आणि अल्पायुषी संगणक यांचा संबंध तुटू नये म्हणून बाजाराने जी व्यवस्था केली, ती म्हणजे दोन-तीनशे रुपयांना मिळणारी, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला नऊ पिना आणि आतील प्लास्टिकच्या फुगवट्यात नखाएवढी चिप असलेली वीतभर केबल. दोन पक्षकारांच्या भाषेत, वयात, दाबात आणि वेगात कसलाही मेळ नसताना दोघांच्याही वतीने सही करण्याचा अधिकार बाळगणारी ही केबल म्हणजे एक मुखत्यार होय. मुखत्याराचे सर्व गुण तिच्या अंगी आहेत. त्यांत हाही गुण आहे की, व्यवहार बिघडला म्हणजे पक्षकार एकमेकांना दोष देऊ लागतात आणि मुखत्यार गप्प बसतो.

या मुखत्यारांची चार घराणी विशेष प्रसिद्ध आहेत: ग्लासगोच्या एफटीडीआयचे, तैवानच्या प्रॉलिफिकचे, अमेरिकेच्या सिलिकॉन लॅब्जचे, आणि चीनमधील नानजिंग येथील ते घराणे, ज्याची ‘सीएच-३४०’ नावाची चिप स्वस्ताईमुळे आपल्याकडे मुबलक आढळते. पहिल्या घराण्याची प्रतिष्ठा एवढी मोठी की तिच्या पोटी तोतये निपजले. सन २०१४ च्या ऑक्टोबरात त्या कंपनीच्या विंडोजसाठीच्या नव्या ड्रायव्हरने या तोतयांचा असा काही बंदोबस्त आरंभला की, तोतया चिप दिसताच तो तिच्या स्मृतीत नोंदलेला उत्पादन-क्रमांकच शून्य करून टाकी. सात-बारावरून नाव कमी झालेल्या खातेदाराची जी अवस्था होते तीच त्या केबलींची झाली. त्या हयात होत्या, धडधाकट होत्या, परंतु त्यांना ओळखणारा कोणी उरला नाही. पुष्कळ ओरड झाली आणि तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. लिनक्सच्या कर्त्यांनी मात्र या वादात न शिरता आपल्या यादीत त्या घराण्याच्या नावाखाली ‘शून्य’ हा आणखी एक क्रमांक शांतपणे चढवून घेतला. नाव कमी झाले तरी कब्जा शाबूत आहे, एवढे पाहून नोंद घेणारा असा उदार तलाठी फार दुर्मिळ.

माझे एक स्नेही मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आहेत, आणि त्यांचा पुतण्या त्यांच्या गावच्या दूध संस्थेचा सचिव आहे. संस्थेचा जुना संगणक आपल्या नऊ पिनांच्या तोंडासह निवर्तला तेव्हा संचालक मंडळाने एक लॅपटॉप खरेदी केला, आणि त्यावर विंडोज घालावयाचे की लिनक्स, या तात्त्विक प्रश्नाची चर्चा ‘दोहोंपैकी फुकट कोणते’ या एका पृच्छेने संपवून उबुंटूचा ठराव एकमताने मंजूर केला. ज्याला संगणकशास्त्रात मुक्त प्रणालीचे तत्त्वज्ञान म्हणतात ते आमच्या खेड्यांना फार पूर्वीपासून अवगत आहे, त्याचे हे उदाहरण.

काट्याची केबल ही दूध संस्थेत केवळ सोयीची वस्तू नाही. काट्यावरील आकडा केबलीतून थेट संगणकात उतरतो तेव्हा त्याला वाटेत कोणाचा हात लागत नाही, आणि उत्पादकाच्या पावतीवर वजन, फॅट, एसएनएफ व दर ही चार पदे निमूटपणे छापून येतात. केबल मुकी झाली की तोच आकडा सचिवाला हाताने भरावा लागतो. आणि हाताने भरलेल्या आकड्याविषयी दूध उत्पादकांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्यांचा जो अनुभव साठलेला असतो, तो सकाळी सहाच्या रांगेत, किटल्यांच्या खणखणाटाबरोबर, अत्यंत मुक्तपणे व्यक्त होतो. नव्या लॅपटॉपला केबल लावल्यावर काटा बोलेना, तेव्हा सचिवाच्या चारित्र्याची जी चर्चा सुरू झाली तिच्यात आरएस-२३२ चा उल्लेख कोणीही केला नाही.

अशा प्रसंगी सल्ला हा दुधापेक्षा अधिक प्रमाणात संकलित होतो. ज्या दुकानातून केबल आणली तेथील गृहस्थांनी, “विंडोजला चालतंय, लिनक्सचं तुमचं तुम्ही बघा,” असे सांगून आपली जबाबदारी राष्ट्रसीमेप्रमाणे आखून दिली. गावातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने “ड्रायव्हर टाका” असे निदान केले. आणि केबलीच्या पाकिटात ड्रायव्हरची एक बशीएवढी तबकडी निघालीही, परंतु ती घालण्यासाठी लॅपटॉपला खाच नव्हती, आणि असती तरी उपयोग नव्हता, कारण या चारही घराण्यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात आधीपासूनच नांदत असतात आणि त्या तबकडीवरील मजकूर बहुधा दुसऱ्याच कोणाला उद्देशून लिहिलेला असतो. संस्थेच्या अध्यक्षांनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याचा आदेश दिला. जगातील सर्व अध्यक्ष हाच आदेश देतात. एका संचालकाने केबल उलटी लावून पाहण्याची सूचना केली, आणि तिच्या दोन्ही टोकांचे आकार भिन्न असल्याचे दाखवून दिल्यावरही ती मागे घेतली नाही.

माझे स्नेही हे सर्व ऐकत व्हरांड्यात बसले होते. संगणकाशी त्यांचा संबंध निवृत्तिवेतनाच्या दाखल्यापुरता. परंतु लिनक्समध्ये कळफलक, काटा, अशा जवळजवळ प्रत्येक उपकरणाला एक फाईल असते आणि त्याचे काम त्या फाईलीवाटेच होते, हे पुतण्याने सांगताच त्यांच्या मुद्रेवर जे तेज आले ते निवृत्तीच्या दिवशी मावळले होते, असे त्यांच्या कुटुंबाने मला नंतर सांगितले.

“तू सगळ्यांना विचारलंस,” ते म्हणाले, “आवक-बारनिशी पाहिलीस का?”

“काका, संगणकात बारनिशी कुठली?”

“कचेरी आहे तिथं बारनिशी असलीच पाहिजे. कोण आलं, कधी आलं, कुठल्या टेबलावर पाठवलं, हे लिहिल्याशिवाय कोणी कोणाला आत घेत नाही.”

ते अक्षरशः खरे निघाले. लिनक्सचा गाभा आपल्या दारी घडणाऱ्या प्रत्येक घटनेची सेकंदाच्या अपूर्णांकापर्यंत नोंद ठेवतो, आणि ‘डी-मेसेज’ या आज्ञेने ती नोंदवही वाचावयास मिळते. उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ती वाचण्यासाठीही ‘सुडो’ म्हणून हुजुराच्या अधिकाराने विनंती करावी लागते, हे पाहून माझे स्नेही अधिकच प्रसन्न झाले. नकलेसाठी अर्ज करावा लागणे हे त्यांच्या मते जिवंत प्रशासनाचे लक्षण आहे. केबल काढून पुन्हा लावली आणि शेवटच्या ओळी वाचल्या, तेव्हा साऱ्या गावाने चालवलेला तर्कवितर्क तत्काळ निरर्थक ठरला. केबल आली होती, तिचा क्रमांक नोंदला गेला होता, ड्रायव्हरने तिला ओळखले होते आणि ‘टीटीवाय-यूएसबी-शून्य’ या नावाचे टेबलही तिला नेमून दिले होते; परंतु लगेच पुढच्याच ओळींत कोणा ‘बीआरएलटीटीवाय’ने तिच्यावर हक्क सांगितला होता आणि केबलीला टेबलावरून उठवण्यात आले होते.

हा बीआरएलटीटीवाय म्हणजे कोणी उपद्रवी इसम नव्हे. ज्या अंध व्यक्ती उठावाच्या ब्रेल पट्टीवर बोटे फिरवून संगणक वाचतात, त्यांची पट्टी जोडल्याक्षणी ती कार्यान्वित करावी, एवढ्यासाठीच तो दाराशी तिष्ठत असतो, आणि हे काम इतके पुण्यप्रद आहे की त्याला दोष देण्यास जीभ धजू नये. घोटाळा होतो तो क्रमांकाचा. ब्रेलच्या एका उपकरणातही हीच सीएच-३४० चिप असल्यामुळे त्या उपकरणाचा आणि बाजारातील असंख्य स्वस्त केबलींचा ओळख-क्रमांक एकच, ‘१ए८६:७५२३’, आहे. म्हणून उबुंटूच्या २०२२ सालच्या आवृत्तीत अशी केबल दिसताच हा सेवाभावी कारकून ती आपल्याच यजमानाची समजून उचलून नेई, आणि जगभर कितीतरी लोक केबल सदोष आहे असे समजून दुसरी, तशीच, आणत.

“एका नावाचे दोन खातेदार,” माझे स्नेही म्हणाले. “जप्ती भलत्याच घरावर गेली. आमच्याकडे हे नेहमीचं.”

संस्थेत ब्रेलचा उपयोग करणारे कोणी नसल्यामुळे त्या कारकुनास सन्मानपूर्वक सेवामुक्त करण्यात आले. जेथे तशी कोणी व्यक्ती असेल तेथे त्याच्या नियमावलीतील तेवढा एक क्रमांक वगळला म्हणजे पुरते. केबल पुन्हा लावताच तिला तिचे टेबल मिळाले आणि ते तिच्याकडे राहिले. आता काटा बोलणार, अशा अपेक्षेने सर्वजण पडद्याकडे पाहू लागले, तेव्हा पडद्यावर ‘परवानगी नाकारली’ या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द उमटले.

संगणक जाणणारी माणसे या दोन शब्दांनी चिडतात. माझे स्नेही त्यांनी सुखावले. त्यांनी फाईलीचे अधिकार दाखवावयास सांगितले. मालक: रूट, म्हणजे प्रत्यक्ष हुजूर, त्यांना वाचण्याचा व लिहिण्याचा अधिकार. त्यानंतर एक मंडळ, ‘डायलआउट’ नावाचे. त्याच्या सभासदांनाही तेच अधिकार. त्यानंतर इतरेजन; त्यांना काहीही नाही. टेलिफोनच्या मोडेमवरून बाहेर क्रमांक फिरवण्याची मुभा कोणाला असावी हे ठरवण्यासाठी निर्माण झालेले हे मंडळ, टेलिफोन गेला, मोडेम गेला, बिलाची धास्तीही गेली, तरी उबुंटूच्या दप्तरी अबाधित आहे, आणि ज्या सचिवाने उभ्या आयुष्यात मोडेम पाहिला नाही त्याला दुधाचे वजन वाचण्यासाठी त्याचे सभासदत्व घ्यावे लागते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मध्येच पुढे होऊन फाईल सर्वांना खुली करणारी एक आज्ञा दिली, आणि ती चाललीही; परंतु केबल काढून पुन्हा लावताच फाईल नव्याने जन्माला आली आणि जुने निर्बंध घेऊनच आली. “तोंडी हुकूम,” माझे स्नेही म्हणाले. “साहेबाची पाठ फिरली की संपला.”

सभासद करून घेण्याची रीतसर आज्ञा आहे, आणि तिच्यात ‘ए’ या एका अक्षराला प्रचंड महत्त्व आहे. ते अक्षर असेल तर मनुष्य पूर्वीच्या सर्व मंडळांत राहून नव्या मंडळात दाखल होतो. ते गळाले तर नवे मंडळ तेवढे मिळते आणि जुनी अतिरिक्त मंडळे सगळी सुटतात, त्यांतच हुजुराच्या वतीने आज्ञा देण्याचा अधिकारही जातो, आणि झालेली चूक दुरुस्त करण्यासाठी जो अधिकार लागतो तो त्याच चुकीने हिरावून घेतलेला असतो. पुतण्याने हा भेद पुस्तकातून वाचून दाखवला तेव्हा काकांना तो समजावून सांगावा लागला नाही. “असलं तर अतिरिक्त कार्यभार, नसलं तर बदली,” एवढेच ते म्हणाले, आणि ते अक्षर दोनदा तपासून घेतले.

आज्ञा मान्य झाली, तरी परवानगी पुन्हा नाकारली गेली. पुतण्या हताश झाला. काका मात्र उठून उभे राहिले.

“अरे, हुकूम निघाला म्हणजे तू पदावर बसलास असं होत नाही. बाहेर जा, आणि रुजू होऊन ये.”

याहून अचूक तांत्रिक सल्ला मी कोणत्याही संगणक-पंडिताकडून ऐकलेला नाही. मंडळाचे नवे सभासदत्व चालू बैठकीस लागू होत नाही. लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केल्यावरच ते अंमलात येते. पुतण्या बाहेर जाऊन आत आला आणि फाईल उघडली.

उघडलेली फाईल मुकीच होती. येथे एक खुलासा केला पाहिजे की, अशा शांततेमागे काही वेळा ‘मोडेम मॅनेजर’ नावाच्या एका गृहस्थाचा हात असे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांना नव्याने आलेले प्रत्येक उपकरण हे मोडेमच असावे असा दृढ विश्वास होता, आणि हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमपासून चालत आलेल्या ‘एटी’ या अक्षरांनी तो बिचाऱ्या काट्याला, दुर्बिणीच्या मोटारीला, कोणालाही हाका मारी आणि उत्तर येते का याची काही काळ वाट पाही. त्या अवधीत खऱ्या मालकाला ‘उपकरण व्यस्त आहे’ असे उत्तर मिळे. पुढे त्याला समज देण्यात आली आणि हल्लीच्या आवृत्त्यांत तो बराच संयमी झाला आहे. आमच्या येथे तो निर्दोष होता.

दोषी कोण हे ठरवण्यापूर्वी साक्षीदार निवडावा लागतो, आणि या क्षेत्रातील सर्वांत विश्वसनीय साक्षीदार म्हणजे कागदाला लावावयाची साधी टाचणी-क्लिप. केबलीच्या दोन आणि तीन क्रमांकांच्या पिना क्लिपने जोडाव्या; एकीवरून बोललेले दुसरीवर ऐकू येते, आणि कळफलकावर जे टंकावे ते पडद्यावर परत उमटते. उमटले तर केबल, ड्रायव्हर आणि परवाने हे तिघेही निर्दोष सुटतात. मात्र या चौकशीतही एक खाचखळगा आहे. मिनिकॉम नावाचा जुना, भारदस्त प्रोग्राम हार्डवेअर फ्लो कंट्रोल नावाचा शिरस्ता मुळातच चालू ठेवून येतो. त्या शिरस्त्याप्रमाणे समोरच्याने ‘सीटीएस’ या तारेवर नाहरकत दिल्याखेरीज एक अक्षरही पाठवता येत नाही. क्लिप दोनच पिना जोडते, नाहरकतीची तार तशीच लोंबकळत राहते, आणि मग पुष्कळ केबलींवर कळा बडवून बडवून बोटे दुखली तरी पडदा कोरा. समोर कोणी अधिकारीच नसताना त्याच्या नाहरकतीची वाट पाहत प्रकरण पडून राहण्याचा हा प्रकार समजावून सांगण्यासाठी निवृत्त अव्वल कारकुनाला कोणत्याही आकृतीची गरज भासली नाही.

शिरस्ता बंद केला, अक्षरे परत आली, केबल सुटली. आता आरोप काट्यावर आला. परंतु काटाही निरपराध होता, तो केवळ अशा तारेवर बोलत होता जिच्यावर केबलही बोलत होती. आरएस-२३२ च्या मूळ कल्पनेप्रमाणे एक बाजू संगणकाची आणि दुसरी मोडेमची असली तर सरळ तार चालते. दोन्ही बाजूंनी स्वतःस संगणक समजावयाचे ठरवले, तर दोघेही एकाच तारेवर बोलतात आणि दुसरीवर दोघेही कान लावून बसतात. त्यासाठी मधल्या दोन तारांची अदलाबदल करणारा ‘नल मोडेम’ नावाचा जोड मिळतो, आणि तो जुन्या संगणकाच्या मागच्या अडगळीत, कोणीतरी निरुपयोगी समजून टाकलेला, सापडला.

तो लावताच काटा बोलू लागला. काय बोलत होता ते मात्र कळेना. पडद्यावर प्रश्नचिन्हे, चौकटी आणि कोणत्याही लिपीत न बसणारी चिन्हे ओघळू लागली. संचालकांपैकी एकाने हा विषाणू असल्याचे जाहीर केले. वस्तुतः ही शुभवार्ता होती: तार पोचली आहे, फक्त ऐकणारा आणि बोलणारा यांची गती जमत नाही. या गतीचे एकक ‘बॉड’ हे, १८७४ मध्ये आपल्या तारायंत्र-पद्धतीचे पेटंट घेणाऱ्या एमिल बोदो या फ्रेंच तार-अभियंत्याच्या नावावरून आले आहे. सर्वसाधारण रिवाज ९६०० चा. आठ बिटे मजकुराची, पॅरिटी नाही, शेवटी एक स्टॉप बिट आणि आरंभी एक स्टार्ट बिट, म्हणजे एका अक्षरामागे दहा बिटे आणि सेकंदाला ९६० अक्षरे. आठ बिटांचा मजकूर पाठवण्यासाठी आरंभी एक आणि अखेरीस एक असे औपचारिक बिट जोडावे लागते, हे ऐकून माझ्या स्नेह्यांना ‘महाशय’ आणि ‘कळावे’ यांची आठवण झाली असावी, कारण त्यांनी समाधानाने मान हलवली. आमचा काटा मात्र २४०० च्या संथ गतीने बोलणारा जुन्या वळणाचा निघाला. ती गती ठरवताच पडद्यावर वजन उमटले, आणि काट्यावर ठेवलेल्या रिकाम्या किटलीचे वजन किटलीएवढेच भरले, यावर उपस्थितांपैकी कित्येकांनी प्रथम विश्वास ठेवला नाही.

संध्याकाळच्या संकलनाला केबल कोणाच्या तरी पायात अडकून निघाली. लगेच लावली, परंतु प्रोग्रामने जुनी फाईल हातात धरून ठेवलेली असल्यामुळे केबलीला ‘शून्य’ हे टेबल न मिळता ‘एक’ मिळाले, आणि प्रोग्राम शून्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत बसला. यावरही कायमचा इलाज आहे. ‘यूडेव’ नावाच्या व्यवस्थेत नियमाची एक ओळ लिहिली, की अमुक क्रमांकाची केबल कोणत्याही टेबलावर बसो, तिला ‘काटा’ याच नावाने हाक मारावी; मग टेबले बदलोत, नाव बदलत नाही. हा नियम माझ्या स्नेह्यांनी स्वतः उभे राहून लिहून घेतला, त्याची एक प्रत संस्थेच्या ठरावबुकात चिकटवली, आणि खाली तारीख घातली.

या सर्व प्रकरणात विजेचा दोष कोठेही नव्हता, चिप जळालेली नव्हती, काटा बिघडलेला नव्हता. एकाने नामसाधर्म्यावरून जप्ती केली, दुसऱ्याने सनद मागितली, तिसरा रुजू होण्याची वाट पाहत राहिला, दोघे एकाच तारेवर बोलले आणि गतीविषयी कोणी कोणाला विचारले नाही. म्हणजे जे जे अडले ते अधिकाराच्या, रिवाजाच्या आणि नोंदीच्या कारणाने अडले. अभियंता अशा वेळी यंत्र दुरुस्त करावयास जातो आणि दुरुस्त करण्यासारखे काही नसल्यामुळे हतबल होतो. ज्याने कचेरीत हयात घालवली आहे तो मात्र प्रथम विचारतो की, कागद कोणत्या टेबलावर अडला आहे. आपल्या कचेऱ्यांहून लिनक्सची कचेरी श्रेष्ठ आहे ती एवढ्याच बाबतीत, की तेथे नकार मिळाला तर त्याचे कारण शोधता येते, बहुतेक वेळा ते दप्तरी लिहिलेलेही असते, रीतसर अर्ज केल्यास नक्कल त्याच क्षणी मिळते आणि ती देताना कोणी चहापाण्याची भाषा काढीत नाही.

तेव्हा ज्या वाचकांच्या घरी, दुकानी किंवा संस्थेत असा एखादा काटा आणि अशी एखादी केबल नांदत असेल, त्यांना विनंती एवढीच. केबल घेताना चिपचे घराणे विचारून घ्यावे, पाकिटातील तबकडीवर विसंबू नये, दुसरी केबल आणण्यापूर्वी नोंदवहीच्या शेवटच्या दहा ओळी वाचाव्यात, आणि काट्याची गती काट्याच्याच अंगावर रंगाने लिहून ठेवावी. तपासणीसाठी ‘स्क्रीन’ नावाचा प्रोग्राम वापरावयाचा असेल, तर आत शिरण्यापूर्वी बाहेर पडण्याच्या कळा, म्हणजे कंट्रोल-ए, मग के, मग वाय, या कागदावर टिपून घ्याव्यात. नुसती खिडकी बंद केल्याने तो जात नाही, केबल अडवून आतच बसून राहतो.